सेन्सर बदलणारे दाजी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान अंबाजी, कार्ले फाट्यावर गाड्यांचे एसी दुरुस्त करतात. मी अमृत. त्यांच्या शेजारच्या गाळ्यात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. दोन गाळ्यांच्या मधली भिंत पत्र्याची आहे, त्यामुळे दाजी गिऱ्हाइकाशी काय बोलतात ते मला दिवसभर ऐकावं लागतं. ऐकून ऐकून माझं डोकं फिरतं, कारण हा माणूस कुणालाही वाईट वाटेल असं कधी बोलतच नाही.

लांबून हा गुण वाटतो. शेजारी गाळा घेऊन बघा.

तुंगार्लीतल्या एका बंगलेवाल्या साहेबांची गाडी अख्खा पावसाळा फणसाखाली उभी होती. एसी लावला की आत बसवेना, असा वास. दाजींनी डॅशबोर्ड खोलला तर घुशीने आत बाळंतपण उरकलेलं. साहेब बाहेर खुर्चीत बसून गाडीवर आपला किती जीव आहे ते सांगत होते. दाजींनी घरटं गुपचूप कागदात गुंडाळलं, मागच्या ओढ्याकडे नेऊन टाकलं, आत सगळं धुऊन पुसून घेतलं आणि साहेबांना सांगितलं की सेन्सर गेला होता, बदलला. साहेब खूश. पुढच्या पावसाळ्यात गाडी परत फणसाखाली, आणि घूसही खूश.

माझ्या बहिणीला, अनिताला बघायला आले तेव्हाचीही गोष्ट तीच. ताईने घाबरून पोह्यांत मीठ दोनदा टाकलं होतं. माझ्या बापाने एक घास खाल्ला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. दाजींनी मात्र बशी चाटूनपुसून संपवली, वर आणखी मागितले आणि असे पोहे आयुष्यात खाल्ले नाहीत म्हणाले. ते खरंच होतं. पण ताईने ते मनावर घेतलं आणि तेव्हापासून त्या घरात पोहे तसेच होतात. मी बहिणीकडे नाश्त्याला जात नाही ते याच कारणाने. दाजी खातात.

आता सेन्सर म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गाडीच्या एसीत एका नळीतून गॅस फिरतो. त्या नळीवर अंगठ्याएवढा एक पितळी तुकडा बसवलेला असतो, त्याला तीन वायरी. नळीत गॅसचं प्रेशर किती आहे ते हा तुकडा गाडीच्या कॉम्प्युटरला सारखं कळवत राहतो. प्रेशर फार वाढलं तर कॉम्प्युटर एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, नाहीतर नळी फुटेल. आणि बंद केल्यावर एक कोड लिहून ठेवतो. मेकॅनिकने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला की तो कोड दिसतो. दाजींच्या स्कॅनरवर पाचशे तेहतीस आकडा आला की समजायचं, प्रेशर सेन्सरचा सिग्नल नको तितका जास्त आहे.

यात दोन शक्यता. एक, सेन्सर किंवा त्याची वायर बिघडली आहे. दुसरी, सेन्सर खरं सांगतोय, प्रेशर खरंच वाढलंय, आणि बिघाड दुसरीकडेच आहे. कुणीतरी गॅस ठासून भरलेला असतो, नाहीतर पंखा फिरत नसतो, नाहीतर पुढच्या जाळीला हवा मिळत नसते. ही दुसरी शक्यता तपासायला गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारावे लागतात. पंखा कुठल्या दीडशहाण्याने बसवला, गॅस कुणी भरला, असे. त्यात कुणाचा तरी भाचा नाहीतर मेहुणा सापडतो आणि माणसं रागावतात. सेन्सरला नातेवाईक नसतात. तो बदलला की कुणाला वाईट वाटत नाही. नवा डब्यातून निघतो, जुना पिशवीत घालून हातात देता येतो, माणूस तो घरी नेऊन फ्रिजवर ठेवतो. दाजींना दुसरी शक्यता कळत नव्हती असं नाही. कळायची, पण ते ती स्वतःच निस्तरायचे आणि नाव सेन्सरचं सांगायचे. माझ्या दुकानातून भाजीसारखे सेन्सर खपले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तर असे हे दाजी मुलीचे बाप होते. माझी भाची कोमल लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर नोकरी करते. तिचं लग्न ठरलं पवन मावळातल्या निलेशशी. मुलगा तळेगावला कंपनीत आहे, साधा आहे, हसरा आहे. अडचण त्याच्या बापाची. दत्तोबाआबा म्हणजे बैलगाडा शर्यतीतलं मोठं नाव. घाट, म्हणजे शर्यतीचं मैदान, कुठलाही असो, आबांचा बैल सुटला की लोक ट्रॅक्टरवर चढायचे. त्या बैलाचं नाव कलेक्टर. तालुक्याला खरे कलेक्टर किती आले आणि गेले ते कुणाला आठवत नाही, पण आबांचा कलेक्टर कुठल्या घाटात कसा पळाला ते शेंबडं पोरही सांगेल.

गेल्या वर्षी कलेक्टर म्हातारपणाने गेला. आबांनी त्याला शेतातच पुरला, वर आंब्याचं रोप लावलं, तेराव्याला गाव जेवू घातलं. मी जेवून आलो, बासुंदी चांगली होती. पण आबांचं दुःख तेवढ्यावर भागेना. कलेक्टरची झूल त्यांनी आपल्या मोठ्या पांढऱ्या गाडीच्या तोंडावर बांधली. झूल म्हणजे साधी चादर नव्हे. लाल जाड मखमल, आतून घोंगडीचं अस्तर, वर आरसे, कडेला गोंडे, मधे पिवळ्या दोऱ्याने भरलेलं नाव. बोनेटच्या कडेपासून ती खाली सुटायची आणि गाडीच्या पुढची सगळी जाळी झाकून टाकायची. गाडी रस्त्याने निघाली की बैलच चालून येतोय असं वाटायचं. लोक हात जोडायचे. आबा आतून मान डोलवायचे.

ती गाडी सुपारी फुटल्यावर पहिल्यांदा दाजींकडे आली. एसी मधेच बंद पडतो, खास करून त्यांच्या गावाकडच्या खिंडीच्या चढावर. आबांनी स्वतः खाली उतरून झूल सोडली, कारण ती सोडल्याशिवाय बोनेट उघडत नव्हतं. जमिनीला लागू न देता घडी केली आणि मांडीवर घेऊन माझ्या दुकानात बसून राहिले. दाजींनी स्कॅनर लावला. पाचशे तेहतीस. नळीला गेज जोडलं, प्रेशर बघितलं, एकदम व्यवस्थित. पंखा ठीक, गॅस ठीक, वायरी ठीक. म्हणजे सेन्सरच अधूनमधून खोटं बोलतोय. या खेपेला दाजींनी अगदी प्रामाणिकपणे सेन्सर बदलला. आबांनी झूल परत बांधली आणि निघून गेले.

इथे आबांच्या मंडळींबद्दल सांगायला हवं. कस्तुराबाईंना दमा आहे. उन्हाची झळ आणि धूळ लागली की छाती भरून येते. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की उन्हाळ्यात बाहेर पडायचं तर बंद गाडीत, एसी लावून. त्यांच्या गावाहून कुठेही यायचं म्हटलं की ती खिंड ओलांडावी लागते, आणि खिंडीत दिवसभर खडीचे डंपर चालतात.

साखरपुडा आमच्याकडे कार्ल्यात होता. वरमाय म्हणून कस्तुराबाई नटूनथटून निघाल्या. खिंडीच्या अर्ध्या चढावर एसी बंद पडला. आत भट्टी झाली, काच खाली घेतली तर डंपरची धूळ. माउलीचा श्वास असा अडकला की गाडी तिथूनच मागे फिरवावी लागली. इकडे आम्ही पेढ्यांची ताटं घेऊन उभे. निलेशने अंगठी घातली ती आईशिवाय, आणि पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा तो आवडला.

घरी पडल्या पडल्या कस्तुराबाईंनी सांगून टाकलं की लग्नालाही मी येत नाही, मोबाईलवर दाखवा. एकुलत्या एका पोराचं लग्न, तेही भर उन्हाळ्यात दुपारचा मुहूर्त. निलेश म्हणाला दुसरी गाडी करू. आबा उसळले. वरमाय भाड्याच्या गाडीतून नेऊ? आणि एसीचा मेकॅनिक खुद्द व्याही असताना गाडी दुसऱ्याकडे टाकू? लोक काय म्हणतील? लोक काहीही म्हणणार नव्हते, पण हे त्यांना सांगणार कोण. गाडी परत दाजींकडे आली.

मुलीच्या बापाने व्याह्यासमोर मान खाली घालून उभं राहायचं, अशी आमच्याकडे अजून पद्धत आहे. दाजी तर गिऱ्हाइकासमोरही तसेच उभे राहतात, व्याह्यासमोर ते जवळजवळ आडवेच झाले. आबा म्हणाले, तुझ्या मेहुण्याचा माल डुप्लिकेट असेल. माझ्या देखत म्हणाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात दाजींनी माझा पाय दाबला. मग मी कंपनीच्या सीलबंद डब्यातला सेन्सर काढून आबांच्या हातात दिला. झूल सोडली, घडी झाली, मांडीवर गेली. गेज लावलं, प्रेशर व्यवस्थित. दुसरा सेन्सर बसला. झूल बांधली, गाडी गेली. पुढच्याच आठवड्यात कस्तुराबाईंना डॉक्टरकडे नेताना खिंडीत एसी बंद.

तिसऱ्या खेपेला मात्र दाजी म्हणाले की गाडी गॅरेजात बघून उपयोग नाही, ती जिथे आजारी पडते तिथे बघू. आबा गाडी चालवायला, दाजी शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन, मी मागे. मी का, तर माल माझा होता आणि अब्रू पण माझीच.

निघण्याआधी गॅरेजात दाजींनी गेजवरचं प्रेशर आणि स्कॅनरवरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघितला होता. दोन्ही सारखे. म्हणजे सेन्सर गेजइतकंच खरं बोलत होता. मग आबांनी झूल बांधली आणि आम्ही निघालो. हायवेवर आकडा थोडा चढा, पण एसी गार. खिंडीचा चढ लागला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि आकडा चढायला लागला. चढत चढत गेला. टक्क असा आवाज आला, कॉम्प्रेसर सुटला आणि गरम वारं तोंडावर आलं. स्कॅनरवर पाचशे तेहतीस.

वर खिंडीत रसवंतीपाशी कुणीतरी आबांना हात केला. आबा इंजिन चालूच ठेवून खाली उतरले आणि त्याला कलेक्टरच्या शेवटच्या शर्यतीची हकीकत सांगायला लागले. ती हकीकत लांबते, हे अख्ख्या मावळाला माहीत आहे. दाजी उतरले. गाडीच्या पुढे गेले. मग त्यांनी झुलीची खालची कड धरून ती वर बोनेटवर टाकली, जशी बाई तोंडावरचा पदर मागे सारते तशी, आणि मला काचेतून खूण केली की आकडा बघ.

आकडा उतरायला लागला. थोड्या वेळात कॉम्प्रेसर परत लागला, गार वारं आलं. दाजींनी झूल खाली सोडली. आकडा चढला. परत वर टाकली. उतरला. काचेच्या पलीकडून ते माझ्याकडे बघत होते आणि अलीकडून मी त्यांच्याकडे. बिचारे दोन्ही जुने सेन्सर खरं बोलत होते. प्रेशर वाढतंय, प्रेशर वाढतंय म्हणून ओरडत होते आणि आम्ही त्यांनाच काढून पिशवीत घातलं होतं. बोनेट उघडायचं म्हणून दर वेळी झूल आधी सुटायची, त्यामुळे गॅरेजात काही सापडायचंच नाही.

मला इतका आनंद झाला की रसवंतीवाल्याकडे धावत जाऊन सगळ्यांना रस सांगावा असं वाटलं. तेवढ्यात आबा परतले. काही सापडलं का, म्हणून विचारलं. दाजींनी झुलीचे गोंडे हाताने सरळ केले.

"व्हय," दाजी म्हणाले. "सेन्सरच हाय. ह्या गाडीला जरा येगळा लागतो. मागवतो."

मागच्या सीटवर मी स्वतःची मांडी चिमटीत धरून बसलो.

फाट्यावर गाडी आम्हाला सोडून गेल्यावर मी दाजींना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, दुसऱ्या बाजूच्या गाळ्यातल्या पंक्चरवाल्याने काम थांबवून ऐकलं एवढं सांगतो. एक बाई श्वासासाठी तडफडतेय आणि तुम्ही बैलाच्या कपड्याला भिता, हे सर्वांत सभ्य वाक्य. दाजी मान खाली घालून पाना पुसत राहिले. शेवटी म्हणाले की ती झूल नाही, आबांच्या घरातलं मयत आहे, त्याला मी हात लावायला सांगू? मी मुलीचा बाप आहे. उद्या तिला तिथे नांदायचं आहे. मी म्हणालो, मग मी सांगतो. तर माझे हात धरून गयावया करायला लागले की मामाने तोंड घातलं तर होतंय तेही बिघडेल.

हे चाललं असताना कोमल कामावरून येऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं रडेल. तिने बॅग खुर्चीवर ठेवली आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या तिथं मला काय खुपलं, मी तुमच्याकडं आले सांगायला, तर तुम्ही काय करणार? सेन्सरच बदलणार?"

दाजींनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जणू याचं उत्तर माझ्या दुकानात मिळतं. कोमलने बॅग उचलली आणि घरी गेली. त्यानंतर दाजी कामाला लागले. एक गाडी आली, नुसता गॅस कमी होता, तर गॅस भरला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, सेन्सर चांगला आहे. गिऱ्हाईक जरा नाराजच झालं.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी दाजींनी मला गाडीवर मागे बसवलं. खिशात तिसऱ्या सेन्सरचा डबा. मी म्हणालो, हा कशाला? तर म्हणाले असू दे. मला त्यांची लाज वाटली आणि कीवही आली.

आबांच्या अंगणात मांडव पडला होता. आचाऱ्याने चुलवण खणलं होतं. गोठ्यात कलेक्टरची दावण तशीच रिकामी ठेवलेली, तिथे दुसरं जनावर बांधायचं नाही असा आबांचा हुकूम होता. आबा गाडी धुऊन झूल बांधत होते. दाजींना बघून म्हणाले, आणला का पार्ट? दाजींनी खिशातून डबा काढला. आबांनी हात पुढे केला. दाजींनी डबा दिला नाही. तो दोन्ही हातांत धरून ठेवला.

"पाव्हणं, सेन्सरला कायबी झालेलं न्हाई. पयल्यालाबी झालं नव्हतं. झूल जाळीवर पडती, वारं आत शिरत न्हाई, मंग गॅस तापतो आन् एसी बंद पडतो. झूल काढावी लागंल."

मांडवाला तोरण लावणारा पोऱ्या शिडीवर थांबला नाही, आचारीही थांबला नाही. मीच तेवढा थांबलो होतो. आबांनी डोळे बारीक केले.

"दोन येळा पार्ट बदलला, तवा न्हाई कळलं?"

"तवा न्हाई कळलं. खिंडीत कळलं," दाजी म्हणाले. "सांगायला भ्यालो."

आबांनी झुलीची शेवटची गाठ मारली. मारताना म्हणाले, झूल निघायची नाही. ती निघाली तर ही नुसती गाडी राहील, गावात अशा छप्पन्न आहेत. बाईला सकाळी लवकर काढू, ऊन व्हायच्या आत. आणि तुमचा पार्ट तुमच्याकडेच ठेवा. हे शेवटचं त्यांनी असं म्हटलं की लग्नाचं जेवणही तुमच्याकडेच ठेवा म्हणतात की काय, असं मला वाटलं. दाजींचा चेहरा उतरला. पण ते मागे सरकले नाहीत. तसेच उभे राहिले, आणि मान खाली नव्हती.

कस्तुराबाई ओट्यावर खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना मोठ्याने बोलवत नाही. त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या,

"ती झूल मी शिवली. बैलाला शिवली व्हती. गाडीला न्हाई."

एवढंच बोलल्या. पुढे बोलायला श्वास नव्हता. आबांनी गाडीकडे बघितलं. मग वाकले आणि गाठी सोडायला लागले. दाजी मदतीला पुढे झाले तर त्यांना हातानेच लांब सारलं. झूल सुटली, घडी झाली. ती छातीशी धरून आबा गोठ्यात गेले आणि रिकाम्या दावणीपाशी खाली बसले, आमच्याकडे पाठ करून. त्यांचे खांदे हलत होते. इतके दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. त्या सकाळी मी उगाच आचाऱ्याला विचारलं की मठ्ठा किती करणार आहात.

 परत येताना, लग्न होतंय की मोडतंय, आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. घरी कुणाला सांगितलं नाही.

लग्न कामशेतजवळच्या कार्यालयात होतं. ऊन असं की मांडवाचं कापडही तापलं होतं. वऱ्हाडाच्या गाड्या यायला लागल्या. दाजी फेटा बांधून दारात उभे, नजर रस्त्यावर. पांढरी गाडी आली. तोंड मोकळं होतं, जाळी दिसत होती, आणि खरंच ती नुसती एक गाडी होती. दार उघडलं आणि आतून कस्तुराबाई उतरल्या. कानाला स्कार्फ, अंगावर शाल. पहिलं वाक्य काय, तर आत फार गारठा होता, बारीक कुठून करायचा ते या पोरांना कळत नाही. दाजी त्यांच्या पाया पडायला म्हणून वाकले आणि लवकर वर आलेच नाहीत. मी त्यांना धरून उठवलं. डोळे पुसायला त्यांना फेट्याचा शेमला कामी आला.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. वरमाय पहिल्या रांगेत बसून रडली, पण ते श्वासासकट. मग मानपान सुरू झालं. आमच्याकडे मानपान म्हणजे माइकवाल्याची मजा. माजी सरपंच, आजी सरपंच, सरपंच होऊ पाहणारे, सगळ्यांना फेटे, सगळ्यांना टॉवेल-टोपी. शेवटी व्याहीभेट. माइकवाल्याने दोन्ही बापांना पुढे बोलावलं. दाजींनी आबांच्या खांद्यावर शाल घातली. आबांनी मागे हात केला, तशी निलेशच्या मावसभावाने एक मोठं गाठोडं त्यांच्या हातात दिलं.

झूल होती. लाल मखमल, घोंगडीचं अस्तर, आरसे, गोंडे. आबांनी ती उलगडली आणि दाजींच्या दोन्ही खांद्यांवरून घातली. दाजींच्या पोटावर पिवळ्या दोऱ्यात कलेक्टर असं नाव आलं. कार्यालयात आधी कुणी हसलं, मग ज्यांना झूल काय आहे ते माहीत होतं त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबेनात. आबांच्या घरातून याहून मोठा मान कुणाला मिळालेला नाही. माइकवाल्याने संधी साधून माइक दाजींच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाला, दोन शब्द बोला.

दाजींच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. भर उन्हाळ्यातली दुपार, अंगावर बैलाचं घोंगडं, त्याला अजून गोठ्याचा वास. मला ठाऊक होतं ते काय म्हणणार. असा मान आयुष्यात मिळाला नाही, म्हणतील, आणि वऱ्हाड जाईपर्यंत ते ओझं अंगावर वागवतील, चक्कर येऊन पडेपर्यंत. मी पाणी आणायला उठलोच होतो.

"पाव्हणं," दाजी माइकमध्ये म्हणाले, "मान लय मोटा दिला. पर आत लय गरम व्हतंय. काढू का?"

 आबा हसायला लागले, पोट धरून, आणि स्वतःच्या हाताने त्यांनी झूल उतरवली, घडी करून कस्तुराबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवली. कोमल स्टेजवरून बापाकडे बघत होती, मुंडावळ्या बाजूला सारून.

माझ्या शेजारी ताई उभी होती. पदराने तोंड झाकून ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. मी म्हणालो, ऐकलंस का, दाजी बोलले.

"बोलतील आता," ताई म्हणाली. "पोह्यांचंबी बोलतील. लगीन झाल्यापास्नं मीठ जास्त टाकतीय मी, कवा सांगत्यात त्याची वाट बघत."

 ती पदर सावरून दाजींना पाणी द्यायला गेली.